कवितेत गेलेला बाप

ब्रायनी पोरी,

तुझ्या कवितेच्या बक्षीस समारंभातून डरहॅमला परत आल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तिथे चहाच्या वेळी एका बाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "ब्रायनीचे वडील गेले, फार वाईट झालं. तुम्ही तिचे कोण?" मी म्हटलं, "शेजारी." तुझ्या बक्षिसाच्या दिवशी दुसरं काय सांगणार?

गाडीत तुला विचारलं, तर म्हणालीस, "बाबा, कवितेतला बाप म्हणजे तू नाहीस." मग त्याच्या डोक्यावर माझी टोपी कशी? त्याच्या वाफ्यात माझेच लीक, ते पातीच्या कांद्यासारखे पण जाडजूड, कसे? तू वाचत होतीस तेव्हा मी रडलो. कुणासाठी, ते अजून कळत नाही.

कवितेच्या शेवटी तो मरताना म्हणतो, "छान लिहितेस गं." तुम्हा कवी लोकांत कवितेला टाळ्या वाजवत नाहीत, नुसतं 'हं' करतात. सगळ्या सभागृहाने तिथेच 'हं' केलं.

मी तुला हे कधीच म्हटलेलं नाही. सकाळपासून म्हणावं म्हणून फोन उचलतो आणि ठेवतो. आता म्हटलं, तर तुला वाटेल, बाबाने कवितेतून उचललं.

म्हणून हेही टपालात टाकत नाही.

तुझा, अजून धडधाकट,
बाबा