धोंड्याचं जेवण आणि जावई

६ मे ९९, गुरु.
मंगलला घेऊन पुण्याहून परत. अंगात रक्त कमी म्हणून इंदापूरच्या डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात धाडलं होतं. येताना भिगवणच्या पुढं एस.टी.त पोरीनं सांगितलं, रक्तात एड्स निघालाय. मी खिडकीची काच वर केली, खाली केली. पोटातल्या लेकराला होईलच असं नाही. नवव्या महिन्यात गोळ्या घेतल्या तर धोका कमी. पण तिथल्या बाई म्हणाल्या, नवऱ्याला आणा.
पहिलं बाळंतपण, पोर माहेरी बावड्यात. नवरा पणदऱ्याचा. आणायचा कसा?

८ मे
डोळ्याला डोळा नाही. मंगलच्या आईला सांगितलं. भाकरी थापत होती, थापतच राहिली. मग म्हणाली, "दत्तारावास्नी निरोप धाडा." काय म्हणून धाडू? जावई बोअरच्या गाडीवर, महिना-महिना कर्नाटकात. विहीणबाईंना कळलं तर म्हणतील, तुमच्याच पोरीनं आणलं. नांदणं संपलं. आणि नाही कळवलं तर...
मंगल म्हणते, "आबा, अंगावरचं पाजायचं का वरचं, ते बी दोघांनी ठरवा म्हणल्यात. मी एकटीनं न्हाय म्हणलं तर सासूबाई ऐकतील व्हय?"

१७ मे
कालपासून धोंड्याचा महिना. आधीच सुचायला हवं होतं. या महिन्यात जावयाला जेवायला बोलवायला कारण लागत नाही, आणि त्याला नाही म्हणता येत नाही.

१९ मे
पणदऱ्याला जाऊन आमंत्रण देऊन आलो. विहीणबाई: "पाव्हणं, अंगठी करताय का अनारशावरच भागवताय?" हसलो. चहा बशीत सांडला. दत्ताराव गाडीवरून घरी आलेले, पुढच्या रविवारी, ३० तारखेला येतो म्हणाले.
पण सांगायचं कोणी? मंगल म्हणते, तुमीच सांगा आबा, माझ्या तोंडातनं निघत न्हाय.

३० मे, रवि.
दत्ताराव आले, पण एकटे नाहीत. थोरला भाऊ, गाडीवरचे दोघं सोबती, जीप भरून. सकाळपासून एकटे सापडेनात. शेवटी पाय धुवायची वेळ झाली. पाटावर दोघं बसली, मंगलची आई तांब्यानं पाणी घालत होती, मी वाकलो. सोबती मागून, "मामा, नीट घासा, बोअरचा चिखल हाय त्यो!" सगळे हसले. त्या हसण्यातच मी हळू बोललो, "मंगलच्या रक्तात एड्स निघालाय. गुरुवारी पुण्याला चला. लेकरासाठी."
दत्तारावांनी पाय हिसडला. परातीतलं पाणी सांडलं.
सोबती म्हणाला, "गुदगुल्या व्हत्यात व्हय दत्ताला!"
जेवले. पुरणाचा एकच धोंडा खाल्ला. जाताना आहेराचे नवे कपडे दांडीवरच राहिले. मंगलनं धावत जाऊन जीपमध्ये ठेवले.

१ जून
सांगायला नको होतं. का सांगायलाच हवं होतं? दत्ताराव सोबत्यांना सांगतील. भावाला सांगतील. कुत्रं भुंकलं की वाटतं, पणदऱ्याची जीप आली.

३ जून, गुरु.
इंदापूर स्टँडवर दत्ताराव उभे! अंगात धोंड्याचे कपडे. गाडीत मंगलपासून लांब, पुढं बसले. दवाखान्यात बाईंनी दोघांना आत बोलावलं. मी बाकावर. बाहेर आले तेव्हा दंडाशी कापूस धरलेला. म्हणाले, "मामा, मी तर धडधाकट हाय. नांगर वढीन." मी म्हटलं, व्हय.
परतताना मंगलशेजारी बसले.

१० जून
त्यांच्याही रक्तात निघालं. दवाखान्याच्या आवारात नळाखाली किती वेळ तोंड धूत होते. "माझ्याकडनंच गेलं, मामा. आईला बोलू नका." राग येईल वाटलं होतं. आला, पण बोलून काय करू. पोरीचा संसार त्यांच्याच हातात. लेकराचंही.

१९ जून
गोळ्या चालू. दत्तारावांनी बोअरच्या गाडीवरचं काम सोडलं. आठवड्याला येतात, गोळ्या घेतल्या का विचारतात. दूध वरचंच पाजायचं, दोघांनी ठरवलं. त्यांच्या आईला काय सांगायचं, ते मात्र ठरत नाही. "बघू मामा."

१२ जुलै
पुण्यात मंगल मोकळी झाली. मुलगी. रडणं खणखणीत. तिच्या रक्तात आहे का नाही, ते कळायला दीड वर्ष जाईल म्हणे. दीड वर्ष मी कसा काढू?

१६ जुलै
घरी पाचवी. विहीणबाई आल्या. वाटी-चमचा बघून कपाळाला आठ्या. "वरचं दूध? आमच्या घरात न्हाय असली थेरं." लेकरू उचलून मंगलच्या पदराखाली दिलं. "पाज."
मंगलनं पदर घट्ट धरला. दत्तारावांकडं बघितलं. आम्ही सगळेच बघत होतो.
दत्ताराव उठले. लेकरू काढून घेतलं, माझ्या मांडीवर ठेवलं.
"आई, भाईर चल. तुला एक सांगायचंय."
"हितंच सांग की."
"न्हाय. भाईर चल."
दोघं गोठ्याकडं गेली. अजून आत आली नाहीत. मंगलच्या आईनं वाटी पुढं सरकवली, "अवं, तुमी तरी पाजा, भुकेलीय ती." चमचा धरला. थेंबही सांडला नाही. पिते आहे.