तीन नंबरच्या रेच्याचा खड्डा

१८ मार्च १९४१, नंदुरबार

फ्यूज उडाला — आठवड्यात तिसऱ्यांदा! दोन नंबरचा रेचा (कापसातली सरकी काढायचं यंत्र) ठप्प, फाटकाबाहेर कळसाडीच्या कापसाच्या गाड्या खोळंबलेल्या, आणि मॅनेजर हिंमतराव माझ्या डोक्यावर. "जाड तार टाक ना भो!" म्हटलं, जाड तार टाकली तर फ्यूज राहील आणि जीनचा अख्खा कारखाना जळेल. बारीकच घातली. हिंमतराव तोंड फुगवून गेले. जाऊ देत! चहा मात्र त्यांनीच पाजला.

१९ मार्च

एकही फ्यूज उडाला नाही. मिशीला पीळ.

२० मार्च

तीन नंबरवरची फुलवंताबाई म्हणाली, "रेचाले हात लावा का मुंग्या चावतस, भाऊ." आधी हसलो. मग चरकलो — मुंग्या येतात, तर फ्यूज कसा उडत नाही?

यंत्राच्या अंगात वीज उतरलीच, तर ती मागच्या खड्ड्यात जावी आणि फ्यूज उडावा, अशी सोय केलेली आहे. फक्त खड्ड्याची माती मिठाच्या पाण्याने ओली हवी. विजेची तार आणि खड्ड्याचा पाइप यांच्यामध्ये दिवा जोडून पाहिला. पेटतो कसला! माती खडखडीत वाळलेली.

तिथे रोज दोन घागरी ओतायचं काम कौसाबाईचं. विचारलं, तर माझ्यावरच उलटली — "दसराले तुम्हीच ते शेंदूर लावा ना तठे! देववर खारं पानी कसं वतू?"

खरंच की! दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली आणि उरलेला शेंदूर मीच हौसेने खड्ड्याच्या पाइपाला फासला. वर नारळही फोडला. आणि तेव्हापासून दर शनिवारी वहीत लिहितोय, 'खड्डा ओला, ठीक.' एकदाही वाकून पाहिलं नाही. लाज वाटली स्वतःची.

तीन नंबर बंद ठेवला. हिंमतरावांना काय ओरडायचं ते ओरडू दे.

२१ मार्च

शेंदूर खरवडायची कोणाचीच छाती होईना. माझीही नाही. शेवटी तोड निघाली — मीठ मी बाजूने खोल मातीत पुरलं, वरून देवाला गोड्या पाण्याची आंघोळ. कौसाबाईने हौसेने आठ घागरी ओतल्या.

सगळ्यांना लांब उभं करून तीन नंबर सुरू केला. फाट्! फ्यूज उडाला! मी टाळ्या पिटल्या. हिंमतराव म्हणाले, "फ्यूज उडना आन हाऊ नाची ऱ्हायना!" केबल उकरून पाहिली — कापसाच्या गठाणीखाली चेंगरून तिचं रबर फाटलेलं, तार रेच्याच्या लोखंडाला टेकलेली. कधीची कोण जाणे. नवी टाकली. मुंग्या गेल्या. फुलवंताबाईने घरची भाकरी-चटणी आणून दिली. झकास!

२५ मार्च

कौसाबाई पाणी ओतता ओतता थांबली. पौषात तिचा मुलगा जालमसिंग तीन नंबरला तेल घालताना पडला आणि जागीच गेला. डॉक्टर म्हणाले होते, हृदय. "तवय आठे पानी ऱ्हातं, ते मन्हा जालम वाचता का, भाऊ?"

"नाही," म्हणालो.

वाचला असता.