सुरमईच्या जागी दांडा

शारजा, अल नहदा
शनिवार, १३ सप्टेंबर २००३

ती. सूर्यकांतमामांना निनादचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, त्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला, समजून घ्या.) मामींचा गुडघा आणि तुमचा खोकला दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. आम्ही इकडे मजेत.

ताजी बातमी आधी सांगतो. आज सकाळी सव्वादहाला रुवैसहून धनंजयने फोनवर पक्कं सांगितलं की दांडा पायाशी अठ्ठावीस मिलिमीटर आहे, एक केसही जास्त नाही. धनंजय म्हणजे रिफायनरीच्या वर्कशॉपमधला आपला कणकवलीचा फिटर, दर पंधरा दिवसांनी आमच्याकडे मासे जेवायला येतो तो. त्याने तीनदा मोजलं म्हणजे ते मोजलं गेलं. आता हा दांडा कुठला, तो रुवैसला कसा पोचला आणि मी एवढा खुशीत का, ते सांगतो.

तुम्हाला माझी जुनी साडेसातशे सीसीची मोटरसायकल माहीत आहे. पळते विमानासारखी, थांबते बैलगाडीसारखी. गेल्या महिन्यात इथल्या भंगारबाजारात मला एका जवळजवळ नव्या स्पोर्ट्स गाडीचा पुढचा अख्खा भाग मिळाला. (मागून ट्रकने चेपली होती. पुढून नवरीसारखी!) दोन जाडजूड फोर्क, चाक आणि दोन्ही बाजूंना ताटाएवढ्या ब्रेकच्या डिस्क. नऊशे दिरहम, म्हणजे सव्वाअकरा हजार रुपये, आणि मामा, तो फोर्क दाबला की असा हळूच वर येतो की मी पार्किंगमध्ये उभा राहून तासभर नुसता दाबत होतो. वॉचमनला वाटलं मला काहीतरी झालंय.

अडचण एकच. फोर्कला खाली धरून ठेवणाऱ्या आडव्या जोडातून (त्याला टी म्हणतात) जो उभा दांडा गाडीच्या गळ्यातून वर जातो, ज्यावर हँडल फिरतं, तो नव्या भागाचा आखूड. म्हणून माझ्या गाडीचा जुना दांडा काढून नव्या टीमध्ये ठोकायचा. दांडा गार करून आकसवायचा, टी तापवून फुगवायची, दोन्ही पटकन एकत्र आणायची, खलास. हे तुमच्याच कारखान्यात शाळेच्या सुट्टीत पाहिलेलं. गुरुवारी जुना दांडा उपटताना पाठ गेली, पण दांडा आला. तो वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवला. घाई अशासाठी की अनुराधा सहाव्या टेस्टला ड्रायव्हिंग पास झाली आहे (इथे हे डॉक्टरेटपेक्षा अवघड मानतात) आणि तिने बजावलंय की दसऱ्याला मोटरसायकल स्वतःच्या पुढच्या चाकावर उभी नसेल, तर पार्किंगची जागा तिच्या गाडीची आणि माझी गाडी भंगारवाल्याची. गेला महिनाभर मोटरसायकल दोन वाळूच्या गोण्यांवर मान नसल्यासारखी पडून आहे.

शुक्रवारी दुपारी मुहूर्त साधला. टी ओव्हनमध्ये नानकटाईच्या ट्रेवर तापली, घरभर ग्रीसचा वास, इरा हातोडी घेऊन सज्ज. मी हातमोजे घालून टी बाहेर काढली, ‘यल्ला!’ म्हणून ओरडलो आणि फ्रीझरमधला पुडा फोडला. आत सुरमईचे नऊ तुकडे. ‘बाबा, दॅट्स फिश,’ इरा म्हणाली. टी माझ्या हातात थंड होत गेली.

कारण सकाळीच अनुराधाने रुवैसला परत निघालेल्या धनंजयला सुरमई म्हणून दुसरा पुडा दिला होता! संध्याकाळी त्याचा फोन. ‘वहिनी, तुकडा झकास आहे, पण एकच आहे आणि त्याला सुरी लागत नाही.’

मी म्हटलं, पुढच्या खेपेला आण. तर आज तो फोनवरून मलाच विचारतो, ‘दादा, टीचं भोक किती?’ मी म्हटलं, बसेल तेवढं. तो म्हणाला, ‘मामांनी दिलेला व्हर्नियर आहे ना घरात?’ मामा, तुम्ही निघताना दिलेला व्हर्नियर नऊ वर्षं पेटीत होता, तेलाच्या कागदासकट. आज प्रथम उघडला. भोक तीस.

‘दादा, तुम्ही बारीक व्हायला फ्रीझरमध्ये ठेवलात तो आधीच दोन मिलिमीटर बारीक आहे!’ मी पत्र्याची पट्टी गुंडाळण्याचं सुचवलं, तेव्हा तो ओरडला, ‘खोरफक्कानच्या घाटात तुम्ही शारजात राहाल आणि चाक ओमानमध्ये जाईल!’

तेव्हा मी हरलो असं वाटेल, पण उलट मला आज आनंदाने बसवत नाही. आता नेमकं काय हवं ते प्रथमच आकड्यांत कळलं आहे. फक्त नवा दांडा हवा, पायाशी जाड, वर जुन्यासारखा. मामींना नमस्कार.

तुमचा,
निनाद

ता. क. – सोबत दांड्याचा मापांसह नकाशा जोडला आहे. तो दांडा तुम्ही लेथवर काढून द्याल का? तुम्ही स्वतः, कारागिराकडे देऊ नका.

ता. क. २ – कुरिअरवर माझा विश्वास नाही. तुम्हीच घेऊन या. व्हिसाचे कागद सोबत आहेत.

ता. क. ३ – मामा, नमस्कार. मी अनुराधा. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून यांच्या नकळत लिहिते. माझ्या पुड्याला दोरा असतो, यांच्या पुड्याला काळी चिकटपट्टी होती. दोन किलोचं लोखंड आणि सुरमई यांतला फरक मला कळतो. पण आधी मोजा म्हणून मी सांगून हे ऐकत नव्हते, आणि ठोकून झाल्यावर त्या गाडीवर मागे इरा बसणार होती. धनंजयचं ऐकतात, तुमचं त्याहून जास्त. आणखी एक, माझ्या गाडीला शेजारच्या इमारतीत जागा मागच्याच आठवड्यात घेतली आहे. हे यांना दसऱ्यापर्यंत कळू देऊ नका, यांचे हात चालू आहेत तोवर चालू देत. गुरुवारी दोन तारखेच्या विमानाने या, विमानतळावर मी गाडी घेऊन येईन. पुढे तुम्ही बसाल, हे मागे. पट्टा मात्र घट्ट लावा, गोल चौकात मी अजून जरा अचानक थांबते.