नावातील फरकाचे कारण

बाबा, तुमचा अर्ज आज सकाळपासून तीनदा काढला आणि तीनदा घडी घालून परत ठेवला. कचेरीने आता नवा नमुना दिला आहे. सैनिक हयात नसला तरी त्याच्या नोंदीत राहून गेलेली पदकं वारसाला मागता येतात म्हणे. नाव, गाव, पलटण, भरतीचं ठिकाण, सगळं भरून झालं. एकच रकाना उरला आहे: नावातील फरकाचे कारण. आणि रकाना कोरा ठेवून मला पुढे जाता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. भाजी चिरायला बसले, अर्धी टाकून उठले. देवापुढे बसले तर जपात बोट कोणत्या मण्यावर आहे तेच कळेना. शेवटी म्हटलं, ज्यांचं काम आहे त्यांनाच आधी सांगावं.

तुम्ही ब्रह्मदेशाच्या लढाईतून घरी आलात तेव्हा जव्हारात अजून राजाचा अंमल होता. डावा पाय ओढत, घाटाने चालत आलात. बरोबर तपकिरी रंगाचं एक लहानसं पुस्तक होतं, त्यात तुमची नोकरी लिहिलेली. ते तुम्ही मला वाचायला दिलंत, कारण घरात इंग्रजी अक्षरं ओळखणारी मी एकटीच. मी अडखळत वाचलं. त्यात तुम्ही शेवटपर्यंत डेपोत होतात. आघाडीवर गेल्याची ओळ नव्हती, जखमेची नव्हती, म्हणून लढाईचा तारा, ते पदक, नव्हता. तेव्हा तुम्ही नुसतं 'हं' केलंत. पण मग शाळेच्या मैदानावर झेंडा लागला, फौजेतून आलेल्यांना रांगेत उभं केलं, आणि तो जाडा हवालदार छातीवरचे तारे वाजवत तुम्हाला म्हणाला, "तू तिकडं, गोदामवाल्यांत. आणि पायाला काय रे झाला? बटाटं सोलताना पडलास काय?" सगळे हसले. तुम्हीही हसलात. मी मुलींच्या रांगेतून पाहत होते. घरी आल्या आल्या मात्र तुम्ही मला म्हणालात, "दौत काढ. लिव."

मी लिहिते आहे, तुम्ही भिंतीला टेकून पाय लांब करून सांगता आहात. मला वाटलं अर्ज भारदस्त हवा, म्हणून मी 'प्राणांची पर्वा न करता शौर्याने लढलो' असं घातलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. तुम्ही इतके चिडलात की आई चुलीपुढून उठून आली. "हे कोणी सांगितला तुला? शूर-बीर काय नाय लिवायचा. मी तिथं होतो, येवढा लिव. माझा जोडीदार तिथं मेला. मी डेपोत होतो तं त्याला मातीत कुणी ठेवला?" मी कागद बदलला. वाया गेलेला कागद उलटा करून गणिताला घेतला. पुढच्या बाजाराला तुम्ही माझ्यासाठी नवा टाक आणलात, न बोलता माझ्या पुस्तकांवर ठेवलात. ती तुमची माफी होती हे मला फार उशिरा कळलं.

अर्ज गेला आणि मध्येच संस्थान विलीन झालं. पत्त्यातलं 'संस्थान जव्हार' खोडून मी 'जिल्हा ठाणे' लिहायला शिकले. त्याच दिवसांत काश्मीरची लढाई पेटलेली. बाजारातले कापडवाले चाचा पेपर वाचून दाखवायचे, आणि कोणीतरी आईला सांगितलं की ज्याचं नाव लढाईच्या वहीत चढलं त्याला सरकार परत बोलावतं. लंगड्याला कोण बोलावणार, असं आज मी म्हणेन. तेव्हा आम्ही दोघी तुमच्या ताटात वाढताना एकमेकींकडे पाहायचो.

आणि तुम्ही मोखाड्याच्या बाजाराला गेलेले असताना मामलेदार कचेरीतला कारकून चौकशीला आला. आईने पदर ओढला, त्याला पाणी दिलं. मी उंबऱ्याशी नागली निवडत होते. त्याने अर्जावरचं नाव तळहाताने झाकलं. "कागद बघून नाही. घरच्यांनी तोंडाने सांगायचं, असा नियम आहे. मालकांचं नाव?"

आता हे त्याला कसं सांगावं? तुमचं नाव देवाचं, म्हणून आई त्या देवाचंही नाव घेत नसे. भजनात ते आलं की ओठ मिटायची आणि पुढच्या शब्दाला परत सूर धरायची. देवाला हे चालतं का, असा मला तेव्हाही प्रश्न पडे.

"त्यांचाच," आई देव्हाऱ्याकडे बोट करून म्हणाली. "बासरीवाल्याचा."

"अहो वहिनी, बासरीवाल्याला हजार नावं! उखाण्यात घ्या की मग."

"माझा काय आता लगीन लागतंय, उखाणा घ्याया?"

तो हसला, बोटांवर मोजत एकेक नाव घेऊ लागला. मुरलीधर? आई गप्प. गोविंद? गप्प. गोपाळ? आईने मान हलवली. त्याने लिहून घेतलं, उरलेलं पाणी प्यायला आणि गेला. तुमचं नाव त्या तिन्हींतलं नव्हतं, बाबा.

उत्तर आलं ते मीच तुम्हाला वाचून दाखवलं. अर्जदार आणि सैनिक एकच असल्याचं सिद्ध होत नाही, सबब नोंद बदलता येत नाही. तुम्ही म्हणालात, भरतीच्या बाबूने नाव बिघडवलं असणार. मी म्हटलं, असेल. मग मी मॅट्रिक झाले, लग्न होऊन मोखाड्यात आले, तरी दर दिवाळीला माहेरी गेले की तुम्ही नवा अर्ज लिहायला बसवायचात. प्रत्येक उत्तरात त्याच पहिल्या चौकशीचा हवाला. झेंडावंदनाला तुम्ही जाणं सोडलंत. शेवटच्या आजारात मला म्हणालात, "जोडीदाराच्या घरचं कोणी भेटला तं सांग, मी तिथं होतो." मी हो म्हटलं, आणि तुमच्या पायावरची गोधडी उगाच नीट करत बसले.

आज त्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलं: 'सैनिकाच्या पत्नीने रूढीप्रमाणे पतीचे नाव उच्चारले नाही, त्यामुळे चुकीची नोंद झाली.' वाचायला किती सरळ वाटतं. कोणताही साहेब मान्य करील. आईही आता नाही, तिला कोणी विचारणार नाही. पण शाईने गिरवायला घेतलं की हात थांबतो, आणि मी उठून दारापर्यंत जाते, परत येते.

आईने मान हलवली असं मी वर लिहिलं. ते खरं नाही. इतकी वर्षं मनातसुद्धा मी ते तसंच सांगत आले. तिसऱ्या नावाला आई नुसती घाबरून माझ्याकडे बघत राहिली होती. मग कारकुनाने माझ्याकडे मान वळवली. "तू शाळेत जातेस ना गं? मुलीने बापाचं नाव घ्यायला काही हरकत नाही. सांग, हेच ना?" आईला नाव घ्यायची बंदी होती, मला नव्हती. तुमच्या अर्जावर ते मीच लिहिलं होतं. आणि शाळेत उभं राहून उत्तर देतात तशी मी स्वच्छ आवाजात म्हणाले, "हो, हेच."