लाल वाइनचा फेस

प्रिय ठमे,

फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. रुसायची तुझी जुनीच खोड, पण या वेळी तुझा राग रास्त आहे. रविवारी मी बाळाला पहिल्यांदा बघायला आले, जेमतेम मांडीवर घेतलं, परत तुझ्या हातात दिलं आणि कामाचं निमित्त काढून पळाले. सख्खी मावशी अशी वागते होय, असं तू आईजवळ म्हणालीस. आईच्या पोटात काही राहतं का? तिने लगेच मला सांगितलं.

आधी कामाचं सांगते. आमच्या हॉटेलात इटलीची एक लाल वाइन आली आहे, लाम्ब्रुस्को. लाल असून चक्क फेसाळते, आणि गोड म्हणशील तर अजिबात नाही. वाइन नासली म्हणून गिऱ्हाइकं बाटली परत पाठवतात. मालक वैतागले. वाइनचं सगळं तू बघतेस, तर हिच्याबरोबर काय वाढायचं ते ठरव, नाहीतर यादीतून काढतो, म्हणाले. मग मंगळवारी दुपारी मी आणि आमचा आचारी बाटली चांगली गार करून बसलो. त्याने आधी वाफवलेला मासा दिला, तर वाइनचा तुरटपणा त्या गरीब माशाच्या उरावरच बसला. केकबरोबर वाइन नुसती आंबटढाण. मग त्याने चरबीसकट भाजलेलं डुकराचं मांस आणि जुनं, कडक चीज पुढे केलं. अगं, काय सांगू! जीभ तेलकट झाली की एक घोट घ्यायचा, फेस सगळं खरवडून नेतो, मागे जरासं कडू राहतं आणि तोंड पुढच्या घासाला तयार. मी टाळीच वाजवली.

आचाऱ्याने विचारलं, वास कसला येतोय. म्हटलं, तूच सांग. त्याला वाटलं मी परीक्षा घेतेय. बिचारा पेल्यात नाक खुपसून आंबट चेरी, जांभळी फुलं असं काय काय सांगत बसला आणि मी मास्तरणीसारखी मान डोलावली.

ठमे, मला कसलाच वास येत नव्हता. मागच्या महिन्यातल्या तापात गेला तो. गार, आंबट, तुरट, कडू आणि तो फेस, एवढंच कळतं. बाकी सगळ्या वाइन सध्या मला सारख्याच. डॉक्टर म्हणतात वास परत येईल, कधी ते सांगत नाहीत. काल मालकांना सांगून टाकलं. वाइन यादीत राहिली, मीही राहिले, पण नव्या बाटल्या आता आचारी चाखणार. फार वाईट वाटलं गं.

पण खरं वाईट त्याचं नाही. रविवारी तू बाळाचं डोकं माझ्या नाकाशी आणलंस, हुंगून बघ म्हणालीस, असा वास जगात कुठे नाही म्हणालीस. मी हुंगलं. काही नाही, भिंत हुंगावी तसं. तिथेच रडले असते आणि तू ओली बाळंतीण घाबरली असतीस, म्हणून पळाले. हा वास थोडे महिनेच टिकतो म्हणतात, आणि माझ्या नाकाचा काही भरवसा नाही. तेव्हा हवा तर राग राहू दे, पण एवढं कर. बाळाच्या डोक्याला कसला वास येतो ते मला नीट लिहून पाठव. नुसतं ‘छान’ लिहिलंस तर बघ.

तुझीच,
ताई