सर्दीच तर आहे

प्रिय दादा,

हे फोनवर बोलता आलं असतं, पण आपल्या घरात फोन म्हणजे जाहीर सभा. आई तो सगळ्यांना ऐकू जाईल असा करून टेबलावर ठेवते, तू काहीतरी विनोद करतोस, बाबा हसतात, हसले की त्यांना उबळ येते, आणि ती थांबेपर्यंत तू मीटिंग आहे म्हणून गेलेला असतोस. पत्रात तुला निदान मधे बोलता येणार नाही.

तू पाठवलेलं खोकल्याचं औषध पोचलं. बाटली फार सुंदर आहे. मी ती डॉक्टरीणबाईंना दाखवली. त्यांनी मागचं बारीक अक्षर वाचलं आणि विचारलं, कुणी दिलं? मी म्हटलं, मोठ्या भावाने. ते डॉक्टर आहेत का? मी म्हटलं, नाही, ते कंपन्यांत जाऊन माणसांना चांगल्या सवयी लावतात. बाईंनी बाटली माझ्याकडे परत सरकवली. हे औषध खोकला दाबतं, दादा. बाबांचा खोकला दाबायचा नाही, त्याला वाट करून द्यायची आहे. हे मी तुला दोनदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगत होते तेव्हा तू गाडी चालवत होतास आणि "हो, हो" म्हणत होतास.

तिसऱ्यांदा सांगते. त्यांच्या डाव्या फुप्फुसाच्या तळाशी श्वासनळ्या सैल पडल्या आहेत. जुन्या कोचातली स्प्रिंग एकदा ताणून ढिली झाली की पुन्हा जागेवर येत नाही, तसं. हे उदाहरण बाबांचंच आहे, चाळीस वर्षं लोकांचे कोच उसवून भरणाऱ्या माणसाला ते लगेच सुचलं. त्या सैल जागी कफ साचतो. तुला-मला सर्दी झाली तर नाक गळतं आणि आठवड्यात ती जाते. त्यांची सर्दी चौथ्या दिवशी खाली उतरते आणि साचलेल्या कफात ठाण मांडून बसते. म्हणून सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं ते खुर्चीत ताठ बसतात, सावकाश मोठा श्वास घेतात, थोडा धरतात, मग आरशावर वाफ धरावी तसा जोराने सोडतात, आणि कफ निघेपर्यंत हे चालतं. मी समोर घड्याळ घेऊन बसते. तू या प्रकाराला "फुगेवाल्यांचा क्लास" म्हणालास. वहिनीही हसली. बाबांनी त्यानंतर दोन दिवस तो केला नाही, लाज वाटली म्हणून. तुझ्या विनोदाची एवढी ताकद आहे हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

आता माझं. तुझ्यावर ताशेरे ओढताना स्वतःचं झाकून ठेवणं मला जमणार नाही. आपण शाळेत जायच्या आधी जे शिकलो ते बाबांच्या कामाच्या खोलीत शिकलो. कापडावर आखायच्या खडूने तू माझ्याकडून पहिली अक्षरं गिरवून घेतलीस, बाबांनी खिळे मोजायला लावून आकडे शिकवले, आणि खिळे मोजून झाले की ते निम्मे-निम्मे वाटायला लावले. घरात जे येईल ते सगळ्यांचं. फार थोर शिकवण. मागच्या वर्षी बाबांना दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि त्याच दिवशी आई खोकायला लागली. बाबा म्हणाले, मला बरं वाटतंय, उरलेल्या हिला दे. मी कात्री आणली आणि गोळ्यांची पट्टी मधोमध कापली. पाच त्यांच्या घेऊन झालेल्या, पाच तिच्या. कापताना मला केवढं समाधान वाटलं होतं. आईचा खोकला साधाच होता, तिला त्या गोळ्यांची गरजच नव्हती. बाबांची छाती मात्र अर्धवट धुतल्यासारखी राहिली आणि तीन आठवड्यांनी पुन्हा भरली, तेव्हा त्याच गोळ्या पूर्वीसारख्या लागू पडेनात. बाईंनी कफ तपासायला पाठवून दुसरं औषध दिलं. ती पट्टी माझ्या हाताने कापली गेली आहे. मूर्खपणात तू एकटाच आहेस असा तुझा समज नको व्हायला.

पण मी तेव्हापासून वहीत तारखा लिहायला लागले. कफाचा रंग, ताप, जिना चढताना किती वेळा थांबले. त्या वहीतली एक गोष्ट तुला सांगायची आहे. तू मागे शिंकत आलास, "सर्दीच तर आहे" म्हणालास, बाबांच्या गळ्यात पडलास, त्यांच्याच पेल्यातून पाणी प्यालास. नवव्या दिवशी त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. पुढच्या खेपेला तू बरा होतास, पण तुझ्या लेकीचं नाक वाहत होतं आणि तू तिला त्यांच्या मांडीवर बसवलंस. अकराव्या दिवशी पुन्हा दवाखाना. मी बाईंना विचारलं, हे नक्की यामुळेच का? त्या म्हणाल्या, नक्की असं कुणीच सांगू शकणार नाही, सर्दी वाण्याच्या दुकानातूनही येते. म्हणून मीही नक्की म्हणत नाही. पण दुकानातलं कुणी त्यांच्या गळ्यात पडत नाही. दोन्ही वेळा तू फळं पाठवलीस आणि "काळजी घ्या" असा निरोप. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला निदान शेळ्या तरी दिसत असतील.

गेले चार महिने ते बरे आहेत. दोन्ही लसी झाल्या, फ्लूची आणि न्यूमोनियाची. जुन्या कोचातला कापूस काढताना ते नाक-तोंड बांधतात, कुरकुरत का होईना, आणि मी आधी खोलीत पाणी शिंपडते. कफाचा रंग बदलला तर त्याच दिवशी बाईंना कळवायचं, उद्यावर टाकायचं नाही, हेही त्यांना पटलं आहे. परवा ते कोपऱ्यावरच्या सुताराकडे न थांबता चालत गेले आणि फळी घेऊन आले. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं आहे, की आता छाती भरली की प्रत्येक वेळी थोडं फुप्फुस कायमचं जातं, आणि जे गेलं ते परत येत नाही. हे बाबांना माहीत नाही. आजपासून तुला माहीत आहे.

काल तू आईला कळवलंस की रविवारी येतोय, घसा थोडा धरलाय, पण किरकोळ आहे. आईने तुझी खोली झाडली. बाबांनी मला कागद घेऊन बसायला सांगितलं. आजारी पडल्यापासून त्यांचं प्रत्येक पत्र ते सांगतात आणि मी लिहिते, आणि आजवर मी त्यात माझा एक शब्द घातलेला नाही. ते पत्र यासोबत आहे, काना-मात्राही बदललेली नाही. त्यात लिहिलंय, "सर्दीला भिऊन लेकाला दारातच अडवणारा बाप मी नव्हे. तू ये." हे सांगताना ते दोनदा थांबले, श्वासासाठी नव्हे. त्यांचं पत्र मला फाडता येईना आणि नुसतं पाठवताही येईना, म्हणून हे लिहिलं. तुझा घसा बरा होऊन पुरते दहा दिवस जाऊ देत. मग ये, महिनाभर राहा, मी तुझं सगळं करीन. या रविवारी आलास तर दार मी उघडणार नाही. आई रडेल, बाबा माझ्याशी बोलणं टाकतील, आणि थोरल्या भावाला उलट बोलू नये हे ज्यांनी शिकवलं त्यांच्या देखत मी कडीला हात लावून उभी राहीन. ती वेळ माझ्यावर आणू नकोस. तूच त्यांना फोन कर, काम निघालं म्हणून सांग. मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नकोस.

तुझीच,
धाकटी