सुरणाच्या वाफ्यातलं अस्वल

मुऐदर, कतर
जुम्म्याची दुपार

प्यारी हजरा आपा,

तुझ्या धाकट्या वलीचा सलाम. आम्ही सगळे खुशाल आहोत. गुडघा कसा आहे? मजीद गावी येतोय, त्याच्यासोबत मलम पाठवलंय. ते गुडघ्याला लाव, शेजारणींना वाटून टाकू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून हा कागद. याला मधेच तोडता येत नाही.

मागे तू सांगितलंस की डुकरांनी (हा शब्द एकदाच लिहितोय, अम्मी असती तर तोही खोडायला लावला असता) सुरण उकरला, माडाची रोपं आडवी केली, आणि वनरक्षक पंचनाम्याला येईस्तोवर पावसाने खुरांचे ठसे धुऊन नेले. ठसे नाहीत तर भरपाई नाही. मारायचं तर परवाना हवा, आणि परवान्याला पुन्हा तोच पंचनामा. (अम्मीच्या भाषेतलं 'ते काळं' मात्र बिनपरवाना येतं.) मग हळूच म्हणालीस की बाग काढून टाकते, मुंबईचा एकजण मागतोय. आपा, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. अब्बांच्या हातची बाग ती. मी तडक सुट्टी मागायला हमजासाहेबांकडे गेलो.

हमजासाहेब म्हणजे आमच्या अल सद्दच्या ऑफिसातले मुदीर, मोठे साहेब. कतरी माणूस, मनाने फार चांगला, पण सुट्टीचं नाव काढलं की त्यांना ऐकू येत नाही. त्यांनी विचारलं, कुठलं जनावर? आता तूच सांग. अम्मी जन्मभर त्याला 'ते काळं' म्हणत आली. समोर साहेब, हातात त्यांनीच ओतून दिलेला गहवा, इथली वेलचीची कॉफी. माझ्या तोंडातून ते नाव काही निघेना. निघालं ते अस्वल.

साहेब खुर्चीतून उठलेच. घरात एकटी बाई आणि अस्वल? त्यांच्या घरी दोन ससाणे आहेत, दोघांचे पासपोर्ट आहेत (माझ्या दानियालचा अजून व्हायचाय), आणि इथेही शिकारीला हंगाम लागतो, परवाना लागतो, त्यामुळे आपली अडचण त्यांना चटकन कळली. फक्त परवाना येईपर्यंत अस्वल थांबतं का, एवढंच त्यांना कळेना. तू रॉकेलचा डबा बडवून त्याला हाकलतेस हे मी सांगितलं. ते खरंच आहे, जनावर तेवढं बदललं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते आपल्या मजलिसीत सांगितलं. आता ऑफिसात मला कुणी वली म्हणत नाही, अस्वलवाल्या बाईचा भाऊ म्हणतात. आपल्या नूरैनने शाळेतही सांगून टाकलं. मी तिला खरं काय ते समजावलं, तर म्हणते, "बट अब्बू, आय लाइक द बेअर."

आणि सुट्टी मंजूर झाली. दरवर्षी मी तुला 'इन्शाल्ला पुढच्या वर्षी' म्हणतो आणि तू 'बरं' म्हणतेस. त्या 'बरं'ची मला फार लाज वाटते, आपा. या खेपेला तिकीट काढलंय. दोघं मिळून कुंपण घालू, वनरक्षकाला पुन्हा बोलावू, आणि रात्री डबा मी बडवीन. तू झोप.

तुझा,
वली

ता. क. मुंबईवाला आला तर त्याला चहा दे, बाग देऊ नकोस. बयाणा घेतला असशील तर परत कर.

ता. क. भरपाई मंजूर झाली तर ऑफिसात फोन करू नकोस. साहेबांना कळलं तर सुट्टी खलास.

ता. क. हे आधीच लिहायला हवं होतं, पण धीर होईना. हमजासाहेबही सोबत येताहेत. तू अस्वलाला हाकललंस ती बाग त्यांना बघायचीय, आणि तुझ्यासाठी त्यांनी खजुराची पेटी बांधून घेतलीय. तेव्हा बाग विकायची आता सोयच उरली नाही. तू तेवढी बाग सांभाळ, अस्वलाचं मी बघतो.